खायचा सोडा की बेकिंग पावडर? आधी दही चाखा

दोन्ही पांढरे, दोन्ही केक फुगवणारे, आणि आमच्या घरी तर दोन्ही सारख्याच स्टीलच्या डब्यांत. एकाऐवजी दुसरं पडायला कितीसा वेळ! पण त्यांचा स्वभाव अगदी वेगळा. तो मला कळला पंचवटीत, आत्याच्या स्वयंपाकघरात, कुकरची शिटी-रिंग काढून तळाशी मीठ पसरून केक करताना.

खायचा सोडा म्हणजे निव्वळ सोडियम बायकार्बोनेट. त्याला जोडीला आंबट काहीतरी लागतंच: दही, लिंबू, व्हिनेगर, थोडाफार गूळसुद्धा. आंबट मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि केक फुगतो. आत्या बिनअंड्याच्या केकसाठी दह्यात साखर विरघळवते, मग सोडा घालते. पाचेक मिनिटांत दही फसफसत पातेल्याच्या काठाकडे चढतं आणि वर बारीक जाळी धरते. ती जाळी दिसल्याशिवाय ती मैद्याला हात लावत नाही.

नाशिकच्या थंडीत नेमकी इथेच गडबड होते. डिसेंबरात विरजण लागायलाच वेळ लागतो, आणि दही लागलं तरी गोडसरच राहतं. मुलीच्या वाढदिवसाला मी असंच ताजं दही घेतलं. केकचा रंग मातकट आला आणि चव साबणासारखी. पोरांनी एकेक घास खाऊन बशा तशाच ठेवल्या. फार वाईट वाटलं. आत्याने एवढंच विचारलं, "अगं, दही चाखलं होतंस का?" आंबटपणा कमी पडला की उरलेल्या सोड्याचा उष्णतेने सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा होतो. तीच ती चव. आता थंडीत दही गोड लागलं तर मी चमचाभर लिंबू पिळते.

बेकिंग पावडरमध्ये आंबट घटक आधीच असतो: सोडा, कोरडं आम्ल आणि ओलावा टिपून दोघांना डब्यात शांत ठेवणारं कॉर्नफ्लोर. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ती 1843 मध्ये बनवली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. हल्लीच्या बहुतेक पावडरी दोनदा काम करतात, एकदा ओल्या झाल्यावर आणि पुन्हा भाजताना. म्हणून दूध, लोणी, साखरेच्या साध्या केकला पावडरच बरी. खजुराच्या केकला मात्र मी सोडाच घेते. गरम पाण्यात सोडा घालून खजूर भिजवला की तो लोण्यासारखा मऊ होतो.

प्रमाणात चूक महागात पडते. सोडा पावडरीच्या तीन-चार पट तीव्र असतो. एक कप मैद्याला सोडा पाव चहाचा चमचा पुरतो, पावडर मात्र एक ते सव्वा चमचा लागते. पावडर संपलीच असेल, तर दर चमच्याला पाव चमचा सोडा आणि अर्धा चमचा व्हिनेगर घ्या, पण मग मिश्रण ताटकळत ठेवू नका, लगेच भाजायला लावा.

पावसाळ्यात त्रास उलटा. हवेतल्या ओलाव्याने पावडर डब्यातच हळूहळू निकामी होते. मैदा चाळायच्या आधी चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघा. जोरात फसफसली तर चांगली. सोड्यावर लिंबाचे थेंब टाकून तीच परीक्षा. आषाढात आत्याच्या ओट्यावर केकच्या दिवशी आधी ही वाटीच दिसते.