लिहिलंय ‘नामु’, म्हणायचं ‘नाम’: गुरबाणीच्या संथेची पार्श्वभूमी

देवनागरीत छापलेला गुटका, म्हणजे गुरबाणीच्या (शिखांच्या धर्मग्रंथातल्या पदांच्या) रोजच्या पाठाची छोटी पोथी, हातात आला की मराठी माणसाला वाटतं चला, लिपी तर आपलीच आहे, वाचून टाकू. नांदेडला मी पण तेच केलं. सुरुवातीलाच ‘सति नामु करता पुरखु’ लिहिलेलं, मी ते ठासून ‘सती नामू करता पुरखू’ असं वाचलं आणि शेजारी बसलेले बाबाजी हसू दाबत म्हणाले, बेटा, सत नाम, करता पुरख. मग हे शेवटचे उकार-वेलांट्या लिहिल्यात तरी कशाला?

तर त्या आहेत व्याकरणासाठी. ‘नानकु’ असं उकार देऊन लिहिलं की बहुतेक वेळा नानक हा कर्ता, नुसतं ‘नानक’ असेल तर बऱ्याचदा ‘हे नानका’ अशी हाक, आणि ‘नानकि’ असेल तर नानकाने. तिन्हीचा उच्चार मात्र नानक. म्हणजे डोळ्याला अर्थ कळतो, जिभेला काही करायचं नसतं. गंमत म्हणजे हा उकार आपल्यालाही परका नाही, ज्ञानेश्वरीत गणेशु, प्रकाशु असे शब्द आहेतच की, अपभ्रंशातून आलेलाच हा प्रकार, फक्त आपण तो उकार अजून तोंडाने म्हणतो आणि पंजाबी पाठी, म्हणजे पाठ करणारे, तो गिळतात. आणि ‘हरि’ दिसलं की आपण सवयीने ‘हरी’ म्हणणार, तिथे बहुतेक पाठी ‘हर’ म्हणतात.

यात भर म्हणजे मूळ लिखाण सलग. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी अमृतसरला भाई गुरदासांच्या हातून आदिग्रंथ, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबचं मूळ रूप, लिहून घेतला, तेव्हा शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धतच नव्हती. याला लडीवार म्हणतात. ज्यांनी मोडीतली जुनी कागदपत्रं पाहिलीत त्यांना हे लगेच कळेल, एक लांब रेघ आणि खाली अक्षरांची गर्दी, शब्द कुठे तोडायचा ते आधीपासून माहीत असेल तरच वाचता येणार. शब्द सुटे केलेली, म्हणजे पदच्छेद असलेली छापील बीड (ग्रंथाची प्रत) घरोघर दिसायला लागली ती पार विसाव्या शतकात. शिवाय ग्रंथात भाषा तरी किती, पंजाबी, ब्रज, फारसी शब्द, शेख फरीदांचे श्लोक, कबीर, आणि आपल्या नामदेवांची ६१ पदं. एकच उच्चाराचा नियम सगळ्यांना लावायचा म्हटलं तर अवघडच.

म्हणून हे शिक्षण सुरुवातीपासून कानाचं. उस्ताद म्हणणार, शिष्य मागून म्हणणार, चुकलं की परत तीच ओळ. याला पंजाबीत संथिया म्हणतात, आणि आपल्याकडे वेदपाठशाळेत गुरुजी देतात ती संथा! शब्द पण तोच, पद्धत पण तीच. परंपरा सांगते की गुरू गोबिंदसिंघांनी तलवंडी साबोला, म्हणजे दमदमा साहिबला, भाई मणीसिंघांकडून बीड नव्याने लिहून घेतली आणि तिथेच शिखांना पाठ आणि अर्थ शिकवले. पाठ आणि अर्थ शिकवणारी दमदमी टकसाल ही शीख संस्था आपली सुरुवात तिथूनच मानते. टकसाल म्हणजे टांकसाळ, नाव अगदी बरोबर ठेवलंय, नाणं खरं पडलं पाहिजे.

एका मात्रेने काय होतं याची एक गोष्ट सगळे ग्रंथी, म्हणजे गुरुद्वाऱ्यात ग्रंथ वाचणारे, सांगतात. आनंदपूरला एक शीख गुरू नानकांची ओळ म्हणत होता, ‘करते की मिति करता जाणै कै जाणै गुरु सूरा’. अर्थ असा की कर्त्याचं माप कर्ताच जाणे किंवा शूर गुरू जाणे. त्याने ‘कै’च्या जागी ‘के’ म्हटलं, की झालं, ‘गुरू काय जाणणार’! गुरू गोबिंदसिंघांनी त्याला थांबवून दुरुस्त करायला लावलं म्हणतात. उलट भाई गोपालाची गोष्ट, त्यांनी गुरू हरगोबिंदांपुढे जपुजी, म्हणजे ग्रंथातली पहिली बाणी, इतकी शुद्ध म्हटली की गुरू स्वतःची गादीच द्यायला निघाले, पण शेवटाकडे भाईंच्या मनात आलं की गुरूंचा घोडा मिळाला तर बरं, आणि त्यांना घोडाच मिळाला.

विसाव्या शतकात प्रोफेसर साहिबसिंघांनी या उकार-वेलांट्यांचे नियम शोधून व्याकरण लिहिलं, नंतर ग्रंथाचं दहा खंडांचं दर्पण, म्हणजे अर्थासहित टीका, पण. तेव्हापासून एक वाद जोरात आहे. ग्रंथात अनुस्वार बऱ्याच ठिकाणी लिहिलेलाच नाही, मग ‘नाही’ला ‘नाहीं’ म्हणायचं का, फारसी शब्दातल्या ‘स’चा ‘श’ करायचा का? काही म्हणतात अर्थाप्रमाणे करा, काही म्हणतात गुरूंनी लिहिलं त्यात जिभेनेही भर घालू नका. मला पहिली बाजू जास्त पटते, पण दुसऱ्या बाजूची भीती पण कळते, एकदा सूट दिली की थांबणार कुठे.

आणि वेग! अखंड पाठ, म्हणजे न थांबता अख्खा ग्रंथ वाचणं, साधारण ४८ तासांत, पानं १४३०, म्हणजे एका पानाला जेमतेम दोन मिनिटं. म्हणूनच १९४५ च्या शीख रहित मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, स्पष्ट लिहिलंय की ऐकणाऱ्याला कळणार नाही इतकं भरभर वाचणं हा बाणीचा अनादर, थोडा वेळ जास्त लागला तरी चालेल.

आपली अडचण तर वेगळीच. मराठी ‘ऐ’ म्हणजे ‘अइ’, पंजाबी ‘ऐ’ मात्र ‘बॅट’मधल्या ‘ॲ’च्या जवळचा, त्यामुळे ‘कै’ आणि ‘के’ मधला फरक नुसत्या वाचनाने आपल्याला कळणारच नाही. त्यात आपला दंततालव्य ‘ज’. बाबाजींनी ‘जाणै’ माझ्याकडून सहा-सात वेळा म्हणवून घेतलं, मी दरवेळी ‘कुणास ठाऊक, देव जाणे’ मधला ‘जा’ काढत होतो आणि ते दरवेळी शांतपणे ‘जीवन’ मधला ‘ज’ काढून दाखवत होते.