सपाट कागद, वळणदार शरीर

नवशिक्याने बेतलेला पहिला गोल गळा उलगडून बघा. बहुतेक वेळा मधोमध एक बारीकसं टोक आलेलं दिसतं, नाहीतर छोटासा उंचवटा. रेघ तर छान गोल काढली होती, मग हे टोक आलं कुठून? गळा घडीवर बेततात. कागदावर त्याचा अर्धाच भाग असतो आणि दुसरा अर्धा म्हणजे पहिल्याचं आरशातलं प्रतिबिंब. गळ्याची रेघ घडीला बरोबर ९० अंशांत भेटली, तरच दोन्ही अर्धे उलगडल्यावर एकसंध दिसतात. ती ८० अंशांत भेटली, तर मधोमध १८० ऐवजी १६० अंशांचा कोन तयार होतो आणि तो डोळ्याला लगेच खुपतो.

म्हणूनच ड्राफ्टिंगच्या टेबलावर एल-स्केलला, म्हणजे काटकोनी पट्टीला, मान आहे. गळ्याची पहिली अर्धा-एक सेंटीमीटर रेघ एल-स्केलने घडीशी काटकोनात आखायची आणि वळण तिथून पुढे सुरू करायचं. बाजूची शिलाई आणि खालचा घेर जिथे भेटतात, खांद्याची रेघ आणि मुंढा (बाही जोडायची वळणदार कड) जिथे भेटतात, तिथेही हाच नियम. दोन तुकडे जोडल्यावर त्यांच्या कडा सलग वाहायला हव्या असतील, तर सांध्याशी दोन्ही बाजूंच्या कोनांची बेरीज १८० व्हावी लागते. काही एल-स्केलवर मापाचे अर्धे, पाव, एक-तृतीयांश असे भाग थेट छापलेले असतात, त्यामुळे दरवेळी भागाकार करत बसावं लागत नाही.

पॅटर्न, म्हणजे कपड्याचा कागदी नमुना, काढायच्या साधनांची यादी पाहिली, की ती नुसत्या पट्ट्या आणि खडूंची यादी वाटते. माझ्या मते त्यातलं जवळजवळ प्रत्येक साधन भूमितीतल्या एकाच अडचणीवर काढलेला तोडगा आहे: शरीर वळणदार आहे आणि कागद सपाट. जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८२७ मध्ये सिद्ध केलं, की एखादा पृष्ठभाग न ताणता, न फाडता वाकवला, तर त्याची अंगभूत वक्रता बदलत नाही. कागदाची ही वक्रता शून्य. त्यामुळे त्याची सुरळी होते, शंकू होतो, पण चेंडूभोवती तो सुरकुत्या न पडता कधीच बसत नाही. आता छाती, खांदा आणि नितंब यांचा आकार आठवा. हात आणि पाय बऱ्यापैकी सुरळीसारखे असल्यामुळे बाही बेतणं तुलनेने सोपं. खरी परीक्षा धडाची असते.

सुरुवात होते मापाच्या टेपपासून. तो मऊ असतो, कारण त्याला अंगाच्या वळणावर टेकायचं असतं. पण तो ताणला जाता कामा नये. या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध जातात. त्यामुळे चांगल्या टेपमध्ये काचतंतूंचा आधार असतो आणि वर प्लॅस्टिकचा थर. नुसत्या कापडाचा टेप वर्षानुवर्षे वापरून १ टक्का जरी सैलावला, तरी ९० सेंटीमीटरच्या छातीला जवळजवळ १ सेंटीमीटरचा फरक पडतो. अधूनमधून तो स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून पडताळावा. चूक पुढे वाढत जाते, हे आणखी महत्त्वाचं. आपण साधारणपणे छातीच्या मापाचा चौथा भाग कागदावर आखतो. तिथे ३ मिलिमीटर चुकले, तर शिवलेल्या कपड्यात १२ मिलिमीटर चुकतात. जाड पेनऐवजी ०.५ मिलिमीटरची पेन्सिल वापरायचा आग्रह धरतात, तो या गुणाकारामुळे.

टेपचं आणखी एक गणित मला फार आवडतं. छातीच्या मापात ५ सेंटीमीटर ढिलाई धरली, की कपडा बराच सैल होणार असं वाटतं. प्रत्यक्षात घेर ५ सेंटीमीटरने वाढला, तर त्रिज्या वाढते ५ भागिले २π, म्हणजे ८ मिलिमीटरपेक्षाही किंचित कमी. अंग आणि कापड यांच्यामध्ये सगळीकडून एवढीच जागा मिळते. माणूस बारीक असो वा जाड, हा आकडा बदलत नाही.

आता वळणांकडे येऊ. कंपासने वर्तुळाचा तुकडा काढून त्याला सरळ रेघ जोडली आणि ती अगदी नीट स्पर्श करत असली, तरी मुंढा ओबडधोबडच दिसतो. वर्तुळाची वक्रता सगळीकडे सारखी असते, तर सरळ रेघेची शून्य, आणि जोडाच्या बिंदूवर ती एकदम उडी मारते. रेल्वेमार्गावर सरळ रूळ थेट गोलाईला न जोडता मध्ये हळूहळू वाकत जाणारा टप्पा घालतात, तो याच कारणासाठी. मुंढ्यालाही तसंच हवं असतं: खांद्याजवळ जवळजवळ सरळ, मग हलकेच वाकत जाऊन काखेपाशी घट्ट वळण. फ्रेंच कर्व्ह हे साधन नेमकं असं बनवलेलं आहे. त्याच्या कडेवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना वक्रता सतत बदलत राहते. जर्मन गणितज्ञ लुडविग बुर्मेस्टर यांच्या नावाने अशा वळणपट्ट्यांचा तीन तुकड्यांचा संच आजही ओळखला जातो.

ही पट्टी वापरायची रीत मात्र शिकावी लागते. दोन बिंदू पट्टीला टेकले की लगेच रेघ ओढायचा मोह होतो. तो टाळावा. किमान तीन बिंदू एकाच वेळी कडेवर येईपर्यंत पट्टी फिरवत, सरकवत राहायचं. मग त्यातल्या मधल्या भागाचीच रेघ काढायची. पुढच्या टप्प्यासाठी पट्टी सरकवताना आधीच्या रेघेचा थोडा भाग पुन्हा कडेखाली घ्यायचा, म्हणजे सांधा दिसत नाही. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जास्त खोल कोरतात, कारण हात पुढे जास्त जातात आणि तिथे कापड जास्त झालं तर गोळा होतं. कंबर ते सीट या लांब, मंद वळणासाठी हिप कर्व्ह असतो. तोच पँटच्या आतल्या शिलाईलाही चालतो.

वळण काढून झालं की ते मोजावं लागतं, आणि इथे टेप परत हातात येतो, पण वेगळ्या तऱ्हेने. टेप आडवा ठेवला तर तो वळणावर नीट वळत नाही, त्याची एक कड उचलली जाते. तो उभा, म्हणजे कडेवर उभा करून रेघेवरून चालवला, की प्रत्येक वळण घेतो. अशा रीतीने पुढचा आणि मागचा मुंढा मोजायचा, मग बाहीच्या माथ्याची वळणरेषा मोजायची, आणि दोन्ही वेळा शिलाईच्या रेघेवर, कापायच्या रेघेवर नव्हे. बसवलेल्या बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा साधारण २ ते ४ सेंटीमीटर लांब ठेवतात. हे जास्तीचं कापड चुणी न पडू देता शिलाईत जिरवलं, की खांद्याच्या टोकावर गोलाई उभी राहते. सपाट कापडात वक्रता आणायची ही एक युक्ती झाली.

दुसरी युक्ती म्हणजे टक्स. कागदाच्या गोल तुकड्यातून एक पाचर कापून कडा जुळवल्या, तर शंकू उभा राहतो. टक्स म्हणजे अशीच कापडातून काढून टाकलेली पाचर, तिचं टोक छातीच्या सर्वांत उंच बिंदूकडे रोखलेलं. इथे नवशिक्यांचा एक गोंधळ होतो. ते टक्सची रुंदी लक्षात ठेवतात, खरं तर लक्षात ठेवायचा तो कोन. कमरेवर टोकापासून १५ सेंटीमीटर अंतरावर ३ सेंटीमीटर रुंदीचा टक्स आहे असं समजा. त्याचा कोन सुमारे ११.४ अंश. हाच टक्स टोकापासून २० सेंटीमीटर लांबच्या एखाद्या कडेवर हलवला, तर त्याची रुंदी ४ सेंटीमीटर होते. कोन तोच राहतो आणि कपड्याचा आकारही तोच राहतो. यासाठी लागणारी हत्यारं अगदी साधी: एक टाचणी किंवा अणकुचीदार टोचा आणि जाड कागद. पॅटर्नच्या उंच बिंदूवर टोचा रोवून कागद त्याभोवती फिरवला, की जुना टक्स मिटतो आणि हव्या त्या ठिकाणी नवा उघडतो. कागद ताणला जात नाही, हा त्याचा मोठा गुण इथे कामी येतो. आकडेमोड न करताही कोन बिनचूक जपला जातो.

टोच्याचं दुसरं काम खुणेचं. टक्सच्या टोकाची खूण टोकावरच न करता सेंटीमीटरभर अलीकडे करतात, म्हणजे भोक टक्सच्या घडीत लपतं. कडांवरच्या खाचा पाडायला नॉचर असतो. बाहीच्या पुढच्या बाजूला एक खाच आणि मागच्या बाजूला दोन, ही पद्धत इतकी रुळली आहे, की बाही उलटी लागायची भीती त्यामुळे जवळपास संपते.

ट्रेसिंग व्हील, म्हणजे दातेरी चाक, एका कागदावरची रेघ दुसऱ्यावर उतरवतं. दुहेरी चाकाचं ट्रेसिंग व्हीलही मिळतं. एक चाक शिलाईच्या रेघेवरून जातं, तर दुसरं ठरावीक अंतरावर मायेची (शिलाईबाहेर सोडलेल्या जास्तीच्या कापडाची) रेघ उमटवतं. माया सरळ कडेवर निमूट बसते, वळणावर मात्र त्रास देते. गळा ७ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ आहे असं समजा, आणि १ सेंटीमीटर माया आतल्या बाजूला. कापलेल्या कडेची लांबी ६ च्या त्रिज्येने सुमारे ३७.७ सेंटीमीटर येते. शिवून ती माया आत दुमडली, की तिला ८ सेंटीमीटर त्रिज्येच्या जागेवर बसायचं असतं, म्हणजे सुमारे ५०.३ सेंटीमीटर लागतात. हे साडेबारा सेंटीमीटर आणायचे कुठून? म्हणून मायेला जागोजागी छोटे काप देतात. ते उघडतात आणि गळा सपाट बसतो. काप न दिलेला गळा इस्त्री कितीही फिरवली तरी ओढल्यासारखाच दिसतो.

कागदावरून कापडावर जाताना पॅटर्नवरचा लांब बाण सगळ्यांत मोलाचा ठरतो. तो उभ्या धाग्याला समांतर ठेवायचा. बाणाच्या दोन्ही टोकांपासून कापडाच्या काठापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं आणि ते सारखं येईपर्यंत कागद हलवायचा. विणलेल्या कापडाचा धागा स्वतः फारसा ताणला जात नाही, पण उभ्या-आडव्या धाग्यांमधला कोन सहज बदलतो. त्यामुळे उरेब (धाग्यांना तिरकं कापलेलं) कापड ४५ अंशांत लोंबतं, ताणतं, अंगाला लपेटतं. रशियन गणितज्ञ पाफनुती चेबिशेव यांनी १८७८ मध्ये पॅरिसमध्ये कपड्यांच्या बेतण्यावर व्याख्यान दिलं, त्यात नेमका हा विचार मांडला होता: धाग्यांची लांबी कायम धरा, फक्त कोन बदलू द्या, आणि मग असं कापड वळणदार पृष्ठभागावर कसं बसेल ते काढा. आज साच्यावर कार्बन-तंतूंचं कापड कसं बसेल याचा अंदाज बांधतानाही अशाच जाळ्याची कल्पना वापरतात.

कात्रीबद्दल थोडक्यात. कागदात भरण म्हणून खडूसारखी खनिजं मिसळलेली असतात आणि ती धार घासतात, म्हणून कापडाची कात्री कागदाला लावू नये. मेणाचा खडू इस्त्रीच्या उष्णतेने वितळून डाग पाडू शकतो. मातीचा खडू झटकता येतो. पॅटर्न टाचण्यांऐवजी वजनांनी दाबून ठेवला, तर कापड उचललं जात नाही आणि कड जास्त खरी येते.

हल्ली बरेच पॅटर्न संगणकावर काढले जातात. पडद्यावरची वळणं चार बिंदूंवरून ठरणाऱ्या बेझिए वक्रांनी बनतात. पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात रेनो कंपनीत मोटारींचे आकार काढण्यासाठी हे वक्र वापरात आणले. गळ्याची रेघ घडीला काटकोनात भेटते का, बाहीचा माथा मुंढ्याशी जुळतो का, हे प्रश्न तिथेही तसेच असतात, फक्त लांबी मोजायचं काम यंत्र करतं. अशा पॅटर्नच्या पहिल्या पानावर बहुधा एक ठरावीक मापाचा चौकोन छापलेला असतो. प्रिंटरने पान बसवण्यासाठी चित्र ९६ टक्क्यांवर आणलं, तर ९२ सेंटीमीटरची छाती ८८.३ वर येते आणि कागदाकडे नुसतं बघून ते कळत नाही. तेव्हा एकही तुकडा कापायच्या आधी तो चौकोन स्टीलच्या पट्टीने दोन्ही दिशांनी मोजून घ्यावा.