पुण्यात वॉरंट शोधायचं म्हणजे रोजनामा वाचायचा

आमच्या सोसायटीत मागच्या महिन्यात एका फ्लॅटला नवीन भाडेकरू येणार होता आणि चेअरमन काकांनी मला गाठलं, म्हणे अहो तुम्ही ते कॉम्प्युटरवालं करता ना, जरा बघा की याच्यावर कुठं वॉरंट-बिरंट आहे का. त्यांचा भाचा ह्यूस्टनला असतो, तिकडं म्हणे शेरीफच्या साइटवर नाव टाकलं की यादीच येते. मी म्हटलं काका, आपल्याकडं असं काही नाहीये. त्यावर त्यांचा अस्सल पुणेरी प्रश्न, "का नाहीये?" आता याचं उत्तर द्यायचं तर थेट पेशवाईपासून सुरुवात करावी लागते, म्हणून हे लिहायला घेतलं.

पेशवाईत आजच्यासारखी कोर्टाची फाईल नव्हती. तक्रार झाली की सरकारातून प्यादा यायचा बोलवायला, आणि गंमत म्हणजे त्या प्याद्याचा खर्च ज्याला बोलावलंय त्याच्याकडूनच वसूल व्हायचा, त्याला मसाला म्हणायचे. म्हणजे समन्स आलं हे अख्ख्या आळीला कळायचं, कारण प्यादा दारात बसलेला दिसायचा. मग पंचायत किंवा गोतसभा बसायची, महजर म्हणजे निकालाचा कागद व्हायचा, त्यावर पाटील-कुलकर्णी, बलुतेदार यांच्या साक्षी आणि निशाण्या पडायच्या (सुताराची निशाणी वाकस, असं ज्याचं त्याचं हत्यार काढलेलं असायचं). जिंकणाऱ्यानं सरकारात हरकी म्हणजे जिंकल्याची फी भरायची, हरणाऱ्यानं गुन्हेगारी म्हणजे दंड, आणि निवाडपत्र मिळायचं जिंकलेल्याला. ते जायचं त्याच्या घरच्या पेटीत. रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव आपण नारायणरावाच्या १७७३ च्या खुनामुळं ऐकलेलं असतं, पण त्या काळात रोजचं भांडण मुख्यतः वतनाचं, मानपानाचं, भाऊबंदकीच्या वाटणीचं, आणि त्याचा कागद शोधायचा तर कुणाच्या तरी वाड्यातच शोधायला लागायचा.

१८१८ ला पेशवाई बुडाली आणि हे सगळे सरकारी कागद इंग्रजांच्या हातात आले. त्यांना त्यात इंटरेस्ट होता तो इनामांसाठी, कोणाची जमीन खरी माफीची आणि कोणाची नुसती बोलाचालीची. १८५२ च्या कायद्यानं हे तपासणाऱ्या इनाम कमिशनला जोर आला, त्यात अजून रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) गोळा झाले, आणि आज ते सगळं कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात आहे, ज्याला आपण अजूनही पेशवे दप्तरच म्हणतो. कागद जपलेत नीट, प्रश्न बघायला कोणाला मिळणार हा होता. इतिहास संशोधकांना सरकार कित्येक वर्षं आत सोडायलाच तयार नव्हतं, शेवटी १९३० नंतर इतिहासकार गो. स. सरदेसायांच्या हाताखाली निवडक कागदांचे ४५ भाग छापले गेले तेव्हा कुठं ते बाहेर आले. शिवाय सगळं मोडीत. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा मोडी वाचणारी माणसं कशी शोधत फिरावी लागली ते आठवत असेल.

आता मूळ मुद्दा. गव्हर्नर एल्फिन्स्टननं १८२७ ला मुंबई इलाख्यासाठी कायद्यांची संहिता आणली, १८६१ ला फौजदारी प्रक्रिया संहिता आली, मग ती १८७२, १८८२, १८९८ अशी बदलत गेली, स्वातंत्र्यानंतर १९७३ ची, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. इतक्या वेळा कपडे बदलले पण वॉरंट नावाच्या कागदाचा सांगाडा बदलला नाही. ते लेखी पाहिजे, त्यावर कोर्टाच्या पीठासीन अधिकाऱ्याची सही आणि कोर्टाचा शिक्का पाहिजे. त्याचा छापील नमुना कायद्याच्या मागं जोडलेला आहे, तो एकदा वाचून बघा, वरती 'प्रति' म्हणून नाव असतं ते आरोपीचं नसतंच, ते असतं ज्यानं पकडायचंय त्याचं, म्हणजे पोलिसाचं. कोर्टानं पोलिसाला लिहिलेली चिठ्ठी आहे ती. ज्याला पकडायचंय त्याला ती पकडताना दाखवतात, आणि बाकीच्या गावाचा तर त्यात संबंधच नाही. म्हणून आपल्याकडं वॉरंटची जाहीर यादी असायची कल्पनाच कधी रुजली नाही, आणि व्यवहार म्हणून बघितलं तर बरोबरच आहे, यादी लावली की पहिला पळणार कोण?

जाहीर होतो तो पुढचा टप्पा. माणूस सापडतच नाही, लपतोय असं कोर्टाला वाटलं तर जाहीरनामा काढतात, आधीच्या संहितेत कलम ८२, आता ८४. त्यात किमान ३० दिवसांची मुदत देऊन हजर व्हायला सांगतात. तो गावात ठळक जागी मोठ्यानं वाचायचा, घराला चिकटवायचा, कोर्टाच्या इमारतीवर लावायचा, आणि कोर्टाला वाटलं तर पेपरात द्यायचा. तरी नाही आला तर पुढच्या कलमात मालमत्तेवर टाच. पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात "फरार आरोपी" म्हणून येतं ना, ते हे. पुण्याला जाहीरनाम्याची ही भानगड जुनीच ठाऊक आहे. १८७९ ला वासुदेव बळवंत फडक्यांना पकडण्यासाठी सरकारनं बक्षीस लावलं तर त्यांनी उलट मुंबईचा गव्हर्नर टेंपल याच्याच डोक्यावर बक्षीस लावलं. त्याच वर्षी जुलैत ते पकडले गेले, खटला पुण्यातच चालला, सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी त्यांचे वकील होते, आणि संगम पुलाजवळ सीआयडीच्या आवारात आज त्यांचं स्मारक आहे.

वॉरंटबद्दल अजून एक गोष्ट जी लोकांना माहितीच नसते, त्याला एक्सपायरी नसते. बजावलं जाईपर्यंत किंवा कोर्ट रद्द करेपर्यंत ते जिवंत, आधी कलम ७०, आता ७२. साध्या माणसाच्या आयुष्यात वॉरंट येतं ते बहुतेक चेक न वटल्याच्या केसमधून, कोर्टाच्या भाषेत कलम १३८. चेक न वटणं हा गुन्हा १ एप्रिल १९८९ पासून झाला आणि तेव्हापासून दुकानदार, बिल्डर, पतसंस्था, जामीनदार झालेले भाबडे मेहुणे हे सगळे कोर्टाच्या पायऱ्या चढायला लागले. समन्स जुन्या पत्त्यावर जातं, माणूस तोपर्यंत कोथरूडहून वाघोलीला गेलेला, तारखेला गैरहजर, मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र, आणि याला पत्ताच नाही. सुप्रीम कोर्टानं २००७ च्या एका निकालात सांगितलंय की आधी समन्स, मग जामीनपात्र, अजामीनपात्र उठसूट काढू नका. पण निघालेलं असतंच.

मग बघायचं कुठं? इथं रोजनामा येतो. केसमध्ये त्या दिवशी काय झालं, कोण हजर, कोण गैरहजर, काय हुकूम झाला, याची तारीखवार नोंद. वॉरंट पोलिसाला जातं पण ते काढायचा हुकूम रोजनाम्यात राहतो. १८७२ च्या पुरावा कायद्यानं सरकारी दस्तऐवज बघायचा हक्क असलेल्याला त्याची प्रमाणित प्रत फी भरून मागता येते असं ठरवलं (आता तो कायदा जाऊन साक्ष्य अधिनियम आलाय, पण हक्क तोच), आणि त्यातून कोर्टात नक्कल विभाग नावाची खिडकी उभी राहिली. अर्ज करा, तिकीट लावा, नक्कल घ्या. ऐकायला सोपं आहे पण अर्जात केस नंबर लागतो, आणि नंबर शोधायचा तर रजिस्टर चाळायला पाहिजे, आणि ते चाळायचं कोणी? वडिलांच्या जमिनीच्या एका जुन्या दाव्याची नक्कल काढायला आम्ही तालुक्याच्या एका कोर्टात चार चकरा मारल्या, शेवटी एका वकिलाच्या म्हाताऱ्या कारकुनानं नुसतं गावाचं आणि आजोबांचं नाव ऐकून साल सांगितलं. दीडशे वर्षं आपल्याकडं सर्च असाच चालला, हे कारकून, शिरस्तेदार, बेलिफ यांच्या डोक्यात. आणि सगळे कागद राहतातही असं नाही, फायलींचे वर्ग पडतात, काही कायम ठेवतात, काही ठराविक वर्षांनी नष्ट करतात, त्यासाठी १९१७ पासून कायदाच आहे.

हे बदललं ते ई-कोर्ट्समुळं, म्हणजे कोर्टांचं कामकाज कॉम्प्युटरवर आणायच्या सरकारी प्रकल्पामुळं. २००५ ला आराखडा, २००७ पासून पहिला टप्पा, २०१५ पासून दुसरा, २०२३ ला तिसऱ्याला ७२१० कोटींची मंजुरी. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे सीएनआर, प्रत्येक केसला १६ अक्षर-आकड्यांचा एकच नंबर. पुण्याच्या केसचा सुरू होतो एम एच पी यू ने, मग कोर्टाचे दोन आकडे, मग सहा आकडी क्रमांक, शेवटी साल. नंबर नसेल तर ई-कोर्ट्सच्या साइटवर राज्य, जिल्हा, कोर्ट संकुल निवडून पक्षकाराच्या नावानं, वकिलाच्या नावानं किंवा पोलीस ठाणं आणि एफआयआर नंबर टाकून शोधता येतं. संकुल नीट निवडा हं, शिवाजीनगर म्हणजे अख्खा जिल्हा नाही. लष्कर, खडकी, पिंपरी वेगळी, आणि बारामती, खेड, जुन्नर, सासवड, वडगाव मावळ अशी तालुक्यांची वेगळी. हायकोर्टासाठी मुंबईच. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं पण पुणे जिल्हा त्यात नाही, यावर इथले वकील काय बोलतात ते न लिहिलेलंच बरं.

केस उघडली की स्टेज बघा. तिथं 'एनबीडब्ल्यू अनरेडी' असं काही दिसलं की समजायचं अजामीनपात्र निघालंय आणि आरोपी हजर नसल्यामुळं केस अडलीये. मग मागच्या तारखांवर क्लिक करून रोजनामा वाचायचा, कारण वॉरंट नंतर रद्द झालं असेल तर तेही तिथंच कळतं. सगळ्यात जास्त डोकं खातं ते स्पेलिंग. १९९८ ला खालच्या कोर्टांची भाषा मराठी ठरली, पण नावं इंग्रजीत चढवताना लक्ष्मणचे चार प्रकार, गायकवाडचे तीन, आणि कधी वडिलांचं नाव आहे तर कधी नाही. त्यामुळं नाव सापडलं म्हणजे माणूस सापडला असं अजिबात नाही.

पोलिसांकडची बाजू वेगळी. सुप्रीम कोर्टाच्या ७ सप्टेंबर २०१६ च्या आदेशानंतर एफआयआर २४ तासांत साइटवर टाकायला लागते, लैंगिक गुन्हे आणि दहशतवादासारखे संवेदनशील सोडून. ठाण्यातलं समन्स-वॉरंटचं रजिस्टर मात्र त्यांचं अंतर्गत आहे, दुसऱ्या कुणाबद्दल विचारायला गेलात तर "तुमचा काय संबंध" हेच ऐकायला मिळणार. आणि ठाणं कुणाचं हेही बघावं लागतं, पुणे शहराचं आयुक्तालय १९६५ चं, पिंपरी-चिंचवडचं ऑगस्ट २०१८ पासून वेगळं, बाकी ग्रामीण. स्वतःवर वॉरंट असल्याचं कळलं तर ठाण्यात चौकशीला जायच्या आधी वकील गाठा, वॉरंट रद्द करायचा अर्ज त्या कोर्टातच द्यायचा असतो.

हल्ली उलटाच प्रकार जास्त चाललाय, व्हॉट्सॲपवर अशोकस्तंभ छापलेलं वॉरंट येतं आणि डिजिटल अरेस्ट म्हणून दिवसभर व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवतात. नवीन संहितेत समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पाठवता येतं हे खरंय, पण डिजिटल अटक नावाचं काही कायद्यात नाही. कोर्ट कुठलं, केस नंबर काय, एवढं विचारा आणि साइटवर टाकून बघा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

काकांच्या भाडेकरूचं म्हणाल तर त्याच्या नावाची पानभर माणसं निघाली, त्यातला हा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, पोलिसांकडं भाडेकरू नोंदणी करून टाकली. मग काकांना हुक्की आली, म्हणे माझं नाव टाका. टाकलं. लघुवाद न्यायालयातला एक दावा निघाला, त्यांच्या वडिलांच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याचा, भाडेकरूविरुद्धचा, वारस म्हणून काकांचं नाव, स्पेलिंग चुकीचं. वकील वारून सहा वर्षं झाली तेव्हा ते प्रकरण संपलं असं घरात सगळे धरून चालले होते. पेंडिंग दिसत होता, पुढची तारीख त्याच गुरुवारची.