अमेरिकेत पहिला माणूस पोचला कधी?

शाळेत आपण पाठ केलं की अमेरिका कोलंबसने १४९२ मध्ये शोधली, पण तो उतरला तेव्हा तिथे माणसं होतीच की. ती आली कुठून? १५९० मध्ये होसे द अकोस्ता नावाच्या एका जेझुइट पाद्रीने लिहून ठेवलं की हे लोक बहुतेक आशियातून जमिनीवरूनच आले असणार. तेव्हा सायबेरिया आणि अलास्कामधली बेरिंगची सामुद्रधुनी युरोपातल्या कुणी पाहिलीही नव्हती, नुसत्या तर्कावर बाबाने बरंच बरोबर ओळखलं. हिमयुगात एवढं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता, आणि सायबेरिया ते अलास्का सलग कोरडी जमीन होती.

रस्ता कळला, पण कधी आले यावर मात्र शंभर वर्षं भांडण चालूय.

यातला माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे जॉर्ज मॅकजंकिन. गुलामीत जन्मलेला काळा माणूस, नंतर न्यू मेक्सिकोत गुरं सांभाळणारा काउबॉय. १९०८ मध्ये फॉल्समजवळ मोठा पूर आला, त्यानंतर कुंपण बघायला गेला तर ओढ्याच्या कडेला खोलवर हाडं दिसली, बायसनची पण नेहमीपेक्षा फारच मोठी. त्याला कळलं की हे काहीतरी जुनं आहे, त्याने लोकांना सांगितलंही, पण एका काउबॉयचं कोण ऐकतंय! १९२२ मध्ये तो गेला, आणि १९२७ मध्ये तिथेच हिमयुगातल्या नामशेष बायसनच्या बरगड्यांमध्ये दगडी भाल्याचं टोक जसंच्या तसं सापडलं. माणूस इथे तीन-चार हजार वर्षांपेक्षा जुना नाही म्हणणारे मोठमोठे तज्ज्ञ गप्प बसले.

मग १९३० च्या दशकात न्यू मेक्सिकोतल्याच क्लोव्हिस गावाजवळ मॅमथच्या हाडांसोबत अजून जुनी टोकं मिळाली, साधारण १३ हजार वर्षांपूर्वीची. झालं, आता क्लोव्हिसवालेच पहिले असं ठरलं. कॅनडात बर्फाच्या दोन प्रचंड चादरींमध्ये फट पडली, तिच्यातून हे शिकारी खाली उतरले, अशी सुटसुटीत गोष्ट तयार झाली आणि पुढची कित्येक वर्षं त्याआधीची तारीख कुणी काढली की त्याच्यावर सगळे तुटून पडायचे. कालचे बंडखोर आजचे पहारेकरी झाले, दुसरं काय.

चिलीतल्या मोन्ते व्हेर्दे नावाच्या जागी टॉम डिलेहे हा पुरातत्त्वज्ञ १९७७ पासून खणत होता. दलदलीमुळे लाकूड, कातड्याचे तुकडे, रानबटाटे, समुद्री शेवाळ सगळं टिकलेलं, आणि वय सुमारे साडेचौदा हजार वर्षं! दक्षिण अमेरिकेच्या पार खालच्या टोकाकडे ही माणसं तेव्हा पोचली असतील तर वरून त्याच्या बरीच आधी निघाली असणार, आणि तेव्हा ती बर्फातली फट जायच्या लायकीची नव्हतीच. तरी मान्य व्हायला १९९७ उजाडलं, तज्ज्ञांची टीम स्वतः तिथे जाऊन आली तेव्हा. त्यानंतर पॅसिफिकच्या किनाऱ्याने, होड्यांतून, मासे-शिंपले खात खाली आले असतील या कल्पनेला वजन आलं.

आणि २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोच्याच व्हाइट सँड्समधून पावलांचे ठसे आले, २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीचे, जास्त करून पोराटोरांचे. पाणवनस्पतीच्या बियांवरून काढलेलं वय फसवं असू शकतं असा आक्षेप लगेच आला, कारण अशा वनस्पती पाण्यातला जुना कार्बन घेतात, त्यामुळे असतात त्यापेक्षा जुन्या दिसतात. मुद्दा रास्तच होता. म्हणून ठशांवर काम करणाऱ्या टीमने पाइनसारख्या झाडांचे परागकण आणि वाळूतले क्वार्ट्झचे कण वापरून परत तपासलं, २०२३ मध्ये आकडा तोच निघाला. सगळ्यांना अजूनही पटलंय असं नाही, पण हे बरोबर असेल तर बर्फ ऐन भरात असताना पोरं तळ्याकाठी हुंदडत होती, म्हणजे त्यांचे पूर्वज त्याच्याही आधी आलेले. किनाऱ्याने आले असतील तर त्यांचे मुक्काम शोधायचे कुठे हा प्रश्नच आहे, कारण तेव्हाचा बराचसा किनारा आज समुद्राखाली आहे.