गोधडीतलं कापड कुठून आलं

गोधडीला दोन वयं असतात. एक ती शिवल्यापासूनचं, दुसरं तिच्यातलं कापड विणल्यापासूनचं. दोन्हींत सहज दहा-पंधरा वर्षांचं अंतर पडतं. लुगडं आधी सणावारी नेसलं जाई, मग रोजचं होई, मग शेतात जाई, आणि विरलं की गोधडीत. म्हणून जुनी गोधडी उसवली तर आत मागच्या पिढीचा कापडबाजार सापडतो. गोधडी म्हटलं की आजीची माया आणि ऊब एवढ्यावरच बहुतेकांचं लिहिणं थांबतं. माया असतेच, पण कापडाकडे पाहिलं तर बरंच काही कळतं.

चिंध्या जोडून अंगावर घ्यायची रीत या देशात फार जुनी आहे. बौद्ध भिक्षू टाकून दिलेल्या कापडाचे तुकडे धुऊन, जोडून चीवर शिवत. मगधातली बांध घातलेली शेतं पाहून बुद्धाने आनंदाला तशाच चौकोनांचं चीवर बेतायला सांगितलं, अशी कथा विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात आहे. आपल्याकडे त्याच वेषात गावोगाव फिरले ते गाडगेबाबा (1876–1956). चिंध्यांच्या सदऱ्यामुळे लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. बैराग्याने ठिगळं मिरवली तर वैराग्य आणि कुळवाड्याने नेसली तर दारिद्र्य, हा भेद मात्र समाजाने कधी सोडला नाही.

घरातल्या गोधडीला वैराग्याशी देणंघेणं नव्हतं. कुठे तिला वाकळ म्हणत, चार पदरी असली की चौघडी, आणि बाळासाठी शिवली की दुपटं. काम निघे ते सुगी संपल्यावर, पाऊस लागण्याआधी. सारवलेल्या अंगणात एक धड लुगडं पसरायचं, कोपऱ्यांवर दगड नाहीतर तांब्या-पितळेची भांडी ठेवून ते ताणायचं, त्यावर धोतरं, सदरे, फाटकी पांघरुणं अंथरायची. जिथे थर पातळ वाटेल तिथे आणखी एक तुकडा. वर दुसरं लुगडं, आणि मग कडेकडेने सुरुवात करून धावदोरा घालत मध्याकडे यायचं. आतला थर सरकू नये, गोळा होऊ नये, एवढ्यासाठी ते शेकडो टाके असतात. ओळी सरळ आल्या तर नक्षी दिसते, पण नक्षी हा त्या कामाचा वरकड नफा. दोघीतिघी समोरासमोर बसल्या तर काम लवकर उरकतं. दरवर्षी घटस्थापनेच्या आधी घरातल्या साऱ्या गोधड्या नदीवर धुवायला जात. ओली गोधडी पिळायला दोन माणसं लागतात, आणि वाळल्यावर कुठला टाका सुटला तेही तेव्हाच कळतं.

हे जमायचं ते सुती कापडामुळे. सूत धुऊन धुऊन मऊ पडतं, घाम शोषतं, आणि त्यात सुई अडत नाही. म्हणूनच तान्ह्या बाळाला नवं नाही, जुनं कापड घालत. नव्याची खळ कोवळ्या कातडीला टोचते.

1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढायला घेतली. पुढच्या अर्धशतकात गिरणीचं कापड खेड्यापाड्यात पोचलं. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि लुगड्यांचं एक मोठं केंद्र दक्षिण महाराष्ट्रात उभं राहिलं. कापड स्वस्त होत गेलं तसं घरात जुनंही जास्त साठू लागलं. मधेच महायुद्ध आलं. 1943 मध्ये सरकारने सुती कापडाच्या भावावर आणि वाटपावर नियंत्रण घातलं, आणि कंट्रोलचं कापड हा शब्द घरोघर रुळला. अशा वर्षांत जुन्या कापडाला किंमत येते. तोवरच्या गोधडीत मुंबईची गिरणी, इचलकरंजीचा माग आणि इरकली लुगड्याचा काठ शेजारीशेजारी शिवलेले असत.

साठलेल्या जुन्याला दुसरी वाटही होती: बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या या बायका मोठ्या प्रमाणावर मूळच्या गुजरातकडच्या वाघरी समाजाच्या. एका पातेल्यासाठी किती साड्या, यावरून दारात होणारी घासाघीस शहरी मराठी माणसाला चांगली ठाऊक आहे. त्यापुढचा प्रवास फारसा कुणी पाहत नाही. घेतलेले कपडे धुऊन, रफू करून, इस्त्री फिरवून जुन्या बाजारात जातात आणि मजूर ते विकत घेतात. जे घालण्यालायक उरलं नाही, ते सुती असेल तर यंत्रं पुसायला कारखान्यात जातं. म्हणजे गोधडीसाठी राखलेल्या लुगड्यावर स्टीलचा डबाही डोळा ठेवून होता! शहरात डबा जिंकला, याचं नवल नाही. दोन खोल्यांच्या चाळीत गोधडी पसरायला अंगणच कुठे होतं?

लोकरीच्या चिंध्यांचा मार्ग आणखी वेगळा. 1813 मध्ये यॉर्कशरमधल्या बॅटली इथे बेंजामिन लॉ याने लोकरी चिंध्या पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढलं. त्या धंद्याचं आजचं मोठं ठाणं म्हणजे पानिपत. थंड देशांतले जुने स्वेटर आणि कोट तिथे येतात आणि स्वस्त ब्लँकेट होऊन बाहेर पडतात. पूर-भूकंपात वाटली जाणारी करडी ब्लँकेटं बरीचशी याच जातीची. गोधडीला बाजारात पहिला मोठा प्रतिस्पर्धी मिळाला तो हा, आणि सोलापुरी चादर.

पण खरा फटका पडला तो आतून. 1982 साली दोन गोष्टी घडल्या. 18 जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्याच वर्षी रायगडात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना चालू झाला. एकामुळे दुसरं झालं असं नाही. गिरण्या आधीपासूनच खंगत होत्या आणि टेरिलीनचं, म्हणजे पॉलिस्टर कापडाचं वेडही जुनंच होतं. तरी पुढच्या काही वर्षांत घरातल्या साड्या बदलल्या त्या बदलल्याच. न चुरगळणारी, पटकन वाळणारी, वर्षानुवर्षं न फाटणारी साडी रोज राबणाऱ्या बाईला हवी होती, आणि तिने ती घेतली यात तिचं काही चुकलं नाही. फक्त ती साडी कधी मऊ पडत नाही. गोधडीत घातली तर थर निसटतात, उन्हाळ्यात अंग चिकटतं, थंडीत ती गारच लागते.

ज्यांचं पोट या कामावर आहे त्यांनी यातून वाट काढली. गावोगाव फिरून लोकांच्याच कापडाच्या गोधड्या शिवून देणाऱ्या बायका महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर अजून दिसतात, त्यांतल्या बऱ्याच भटक्या समाजांतल्या. उत्तर कर्नाटकात हेच पांघरूण कौदी होतं. हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दी बायकांची कवंदी त्याहून निराळी. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांचे हे वंशज, आणि त्यांची घरची बोली कोकणी-मराठीच्या वळणाची. कवंदीत रंगीत तुकडे कडेपासून लावत लावत मध्याकडे येतात, आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेली त्रिकोणी फुलं बसवतात. फुलांवाचून कवंदी उघडी वाटते, असं त्या मानतात. माझ्या मते या भागातलं सगळ्यात देखणं काम हेच, मग भले नाव बंगालच्या गोधडीचं, कांथ्याचं जास्त झालेलं असो.

गेल्या वीसेक वर्षांत गोधडी प्रदर्शनांत आणि ऑनलाइन दुकानांत आली. आईच्या किंवा आजीच्या साड्या देऊन आठवणीची गोधडी शिवून घेणारे आहेत, आणि परदेशातल्या नातवंडासाठी दुपटं कुरियर करणारेही. विकायच्या कित्येक गोधड्या मात्र कोऱ्या सुती कापडाच्या असतात, जुन्यासारखं दिसणारं छापील कापड मुद्दाम निवडून. त्या वाईट नाहीत, शिवणाऱ्या बाईला चार पैसेही मिळतात. पण त्यांना गोधडी म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते.

आता कपाटातून निघतात ते टी-शर्ट, लेगिंग आणि जीन्स. होजिअरी, म्हणजे टी-शर्टचं ताणलं जाणारं विणीचं कापड, सुईखाली ताणली जाते आणि टाका आक्रसतो, म्हणून टी-शर्ट वरच्या थराला चालत नाही. त्याच्या पट्ट्या कापून, वळून पायपुसणी विणतात. जीन्सच्या पिशव्या होतात, खिसा तसाच ठेवून. पॉलिस्टर साडीच्या वेण्या घालून आसनं आणि दोऱ्या करतात, आणि तिथे तिचं न फाटणं कामी येतं. सुती साड्या मात्र आता कमीच नेसल्या जातात, तेव्हा जुन्याही कमीच निघतात.