वास्तव-तपासणी (सजग स्वप्नासाठीची सवय)

स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असं कळलं की त्याला सजग स्वप्न म्हणतात, आणि तसं पडावं म्हणून जागेपणी दिवसभर 'मी आत्ता जागा आहे की झोपेत?' असं विचारून दरवेळी खात्री करून घ्यायची सवय म्हणजे वास्तव-तपासणी. बोलताना सगळे रिॲलिटी चेकच म्हणतात. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघणं, बोटं मोजणं, पाटी दोनदा वाचणं हे नेहमीचे प्रकार. स्वप्नात नाक दाबूनही श्वास जातो, बोटं कमीजास्त होतात, अक्षरं बदलतात.

हे मूळ कुठलं यावर बरीच मतं आहेत. आपल्याकडे हौसेने मांडूक्य उपनिषदापर्यंत नेतात, पण तिथे जागृती, स्वप्न, सुषुप्ती (गाढ झोप) आणि तुरीय (या तिन्हींपलीकडची अवस्था) असा विचार आहे, तपासायची रीत नाही. त्याच उपनिषदावरच्या गौडपादांच्या कारिका (काळ साधारण सहावं-सातवं शतक धरतात, पण मतभेद आहेत) जागेपणीचं जग आणि स्वप्न एका मापाने मोजतात, तोही तत्त्वज्ञानाचाच मुद्दा. योगसूत्रात 'स्वप्ननिद्राज्ञानालम्बनं वा' (१.३८) असं आहे, त्याचा अर्थ स्वप्नातल्या वा झोपेतल्या ज्ञानाचा आधार घेऊन चित्त स्थिर करणं असा लावतात, त्यातून स्वप्नात जागं होण्याची युक्ती काढणं मला ओढूनताणून वाटतं. तिबेटी स्वप्नयोगाचं मात्र वेगळं, तिथे दिवसभर 'हे सगळं स्वप्नच आहे' अशी भावना धरायला सांगतात आणि दिवसभराच्या सरावाची ही सगळ्यात जवळची जुनी परंपरा मानायला हरकत नाही, फक्त तिथे खात्री करायची नसते, मानायचं असतं. ॲरिस्टॉटलनेही झोपेत कधीकधी 'हे स्वप्न आहे' असं आतून कळतं हे नोंदवलंय. 'ल्युसिड ड्रीम' हा शब्द रूढ केला डच लेखक-डॉक्टर फ्रेडरिक व्हान ईडनने १९१३ साली, स्वतःच्या ३५२ सजग स्वप्नांच्या आधारावर. पण दिवसातून अनेकदा प्रश्न विचारून तपासायची आजची पद्धत जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल थोलाय यांच्याकडे जाते असं म्हणणं जास्त पटतं. सजग स्वप्न खरंच झोपेत पडतं याचा पुरावा १९७५ मध्ये इंग्लंडात कीथ हर्न यांना मिळाला (झोपलेल्या माणसाने आधी ठरवलेल्या खुणेप्रमाणे डोळे हलवले), आणि पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी तेच स्वतंत्रपणे दाखवलं.

हे चालतं कसं? अशी स्वप्नं बहुतेक रेम झोपेत (बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात ती अवस्था) पडतात, तेव्हा मेंदूचा चिकित्सा करणारा पुढचा भाग मंद असतो, म्हणून काहीही विचित्र घडलं तरी पटतं. दिवसाची सवय झोपेत शिरली तर प्रश्न आपोआप उठतो. नुसतं नाक दाबलं आणि मनात शंकाच नसली तर स्वप्नातही तसंच यंत्रासारखं दाबलं जातं आणि 'जागाच आहे' म्हणून पुढे जातो. म्हणून खरी तपासणी मागे वळून बघण्यात आहे : इथे कसा आलो, तासाभरापूर्वी कुठे होतो.

कोकणात याला चांगल्या जागा आहेत. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा संपून उजेड आला की 'कुठे गाडीत बसलो' हे आठवायचं, दाभोळ-धोपावे फेरीबोटीत चढताना, साकव ओलांडताना तेच. आणि भरती. पौर्णिमा-अमावास्येला भरती साधारण अकरा-बाराला, मग रोज पाऊण तास-पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून तिथीची पाऊणपट केली की वेळ अंदाजे कळते. अष्टमीला दुपारी बाराला पाणी टम्म भरलेलं दिसलं तर काहीतरी चुकतंय. या हिशोबाला आज तिथी कोणती हे आठवावं लागतं आणि स्वप्नात नेमकं तेच हाताशी नसतं, म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाला बोटं मोजण्यापेक्षा ही खूण बरी असं मला मनापासून वाटतं. 'माका सपान पडला' म्हणून सकाळी सांगतात आणि त्यात देवाचा दृष्टांत शोधतात ती गोष्ट निराळी, तिथे अर्थ उठल्यावर लावला जातो.

किती उपयोग होतो? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेनहोम ॲस्पी यांच्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात आठवडाभर नुसती तपासणी करून फारसा फरक दिसला नाही, पण पाच तास झोपून उठायचं, मग 'पुढच्या स्वप्नात ओळखेन' असं मनात घोळवत परत झोपायचं, हे जोडलं की दिसला. दिवसभर अखंड करावी की दहाएक वेळाच पण मन लावून, यात मोजक्या वेळाच बऱ्या, तेच टिकतं.

जेट्टीवरून किंवा कड्यावरून उडी मारून तपासणी कधीच करायची नाही, आपण जागे नाही याची कितीही खात्री वाटली तरी. ज्यांना भास होतात किंवा खरं-खोटं आधीच धूसर होतं त्यांनी मानसोपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये, आणि पहाटे रापणीला (किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीला) जाणाऱ्यांनी झोप मोडणारा प्रकार टाळावा.