आलेखात बीडचा स्तंभ उंच दिसतो तेव्हा दोष कुणाला लागतो?

जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं, की बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातून आकडा आला १३,८६१. पहिला आकडा दवाखान्यांच्या नोंदीतला आहे, तीन वर्षांपुरता. दुसरा बायकांना विचारून मिळालेला, आजवर कधीही झालेल्या शस्त्रक्रियांचा. दोघांचे स्तंभ शेजारी उभे केले, तर पाहणाऱ्याला वाटेल की प्रकार तिपटीने वाढला. आकडे बरोबर असूनही चित्र खोटं बोलू शकतं, ते असं.

पण माझी खरी तक्रार यापुढची आहे. समजा कुणी नीट आलेख काढला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये गर्भाशय काढलेल्यांचं प्रमाण २.६ टक्के होतं. बीडच्या ऊसतोड महिलांमध्ये ते १७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सहाजणींत एक. वयोगटांतल्या फरकाची तळटीपही दिली. एक बुटका स्तंभ, एक उंच. हा आलेख पाहून बऱ्याच जणांच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघेल? ‘अडाणी बायका, डॉक्टर म्हणाला की झाल्या तयार.’

हे नुसतं माझं अनुमान नाही. अमेरिकेतले ईलाय होल्डर आणि सिंडी शिओंग यांनी २०२२ मध्ये नेमकं हेच तपासलं. वेगवेगळ्या गटांच्या कमाईसारख्या बाबींतली तफावत त्यांनी लोकांना निरनिराळ्या आलेखांतून दाखवली. काहींना फक्त सरासरीचे स्तंभ, काहींना गटातला प्रत्येक माणूस ठिपक्याने मांडलेला आलेख. स्तंभ पाहणारे तफावतीचं खापर त्या गटातल्या माणसांच्या स्वभावावर आणि मेहनतीवर जास्त फोडत होते. ठिपके पाहणाऱ्यांमध्ये हा कल कमी दिसला. कारण उघड आहे. सरासरीचा स्तंभ पाहून वाटतं की गटातले सगळे सारखेच. ठिपके विखुरलेले दिसले की कळतं, दोन्ही गटांतली पुष्कळ माणसं एकाच पट्ट्यात आहेत आणि नुसत्या गटावरून माणूस ओळखता येत नाही.

मग बीडचा आलेख कसा काढायचा? एक वाट म्हणजे आडव्या अक्षावर शस्त्रक्रियेच्या वेळचं वय आणि प्रत्येक बाईचा एक ठिपका. तिशीच्या अलीकडे किती ठिपके पडतात, ते कोणत्याही टक्केवारीपेक्षा लवकर डोळ्यांत भरेल. दुसरी वाट मला जास्त आवडते: बायकांचे स्तंभ काढूच नका, दवाखान्यांचे काढा. ९९ रुग्णालयं, ९९ स्तंभ. सरासरी येते सत्तेचाळीसच्या आत, पण प्रश्न सरासरीचा नाहीच. एखाद्या दवाखान्याचा स्तंभ बाकीच्यांच्या कितीतरी वर गेला असेल, तर बोट आपोआप तिकडे जाईल.

त्याही आधी मोजमापाचं एकक तपासायला हवं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला, हिशोबही कोयत्याला. त्याच्या वहीत ‘२० कोयते’ असतात. त्यात बायका किती, गरोदर किती, एकटीच आलेली अर्ध्या कोयत्याची बाई किती, हे नसतं. मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत वाहते ती बाई, पण पाळीच्या त्रासाने ती बसली की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात दोघांच्या हिशोबातून. खाडा टाळायचा म्हणून पिशवी काढली, असं यातल्या अनेकजणींनी पत्रकारांना आणि कार्यकर्त्यांना सांगितलं आहे. आता कोयत्याच्या तक्त्यावरून कितीही देखणा आलेख काढा, हे कारण त्यात उतरणार नाही. त्यासाठी बाई हे एकक धरावं लागेल आणि खाड्यांचा रकाना जोडावा लागेल.

काहींना वाटतं, स्तंभांऐवजी माणसांच्या आकृत्या काढल्या की काम झालं. २०१७ मध्ये जेरेमी बॉय आणि सहकाऱ्यांनी यावर एकामागून एक प्रयोग केले. साध्या आलेखांच्या तुलनेत आकृत्यांमुळे सहानुभूती वाढल्याचं त्यांना ठोस दिसलं नाही. सहा बाहुल्यांतली एक रंगवली तर प्रमाण समजायला मदत होईल, एवढंच.

रंगांचं मात्र आपल्याकडे फार जपावं लागतं. परदेशी मार्गदर्शिका सांगतात, मुलींना गुलाबी आणि मुलांना निळा देऊ नका. मराठवाड्यात प्रश्न त्याहून नाजूक आहे. समाजगटांच्या आलेखात निळा, भगवा, हिरवा, पिवळा वापरलात, तर आकडे वाचायच्या आधीच वाचक झेंडे पाहतो. जांभळा, तपकिरी, राखाडी बरे. गटांचा क्रमही तपासावा: ‘सर्वसाधारण’ नेहमी पहिला ठेवला की बाकीचे सगळे त्याच्यापेक्षा किती कमी, एवढंच दिसत राहतं.

आणि गाव पातळीचा नकाशा काढणार असाल तर थांबा. तांड्यावर किंवा वस्तीवर एखाद्या समाजाची तीनच घरं असतील, तर नाव न लिहिताही ठिपका कुणाचा ते सगळ्या गावाला कळतं. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसारखी बाब अशी उघडी पाडणं म्हणजे त्या बाईला दुसऱ्यांदा दुखावणं. इथे तालुक्याचा आकडा द्यावा, किंवा काही गावं एकत्र धरावीत.

छापण्याआधी आलेख त्या बायकांना दाखवायचा, तर त्यांना वाचता येईल का, ही शंका हमखास निघते. ग्रामीण सहभागी पाहणीत यावर जुना उपाय आहे: जमिनीवर रांगोळीने महिन्यांचे चौकोन आखायचे आणि बायकांनीच त्यात बिया मांडायच्या. काम किती, आजारपण किती, उधारी किती. दिवाळीच्या सुमाराला गाव सोडल्यापासून उन्हाळ्याच्या तोंडावर परत येईपर्यंतचा हा आलेख त्या स्वतः काढू शकतात. कोणता रकाना राहिला, हेही त्याच सांगतील.